कॅथलिक शाळा खेळाडू पळवतात का? अमेरिकेतला जुना वाद, मुळापासून

२०२५ च्या हंगामात कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स शहरातल्या बिशप माँटगोमेरी या कॅथलिक हायस्कूलने आपल्या फुटबॉल संघाचे उरलेले सामने रद्द केले. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि पॅड चढवून खेळतात तो. दुसऱ्या शाळांतून आलेले डझनाहून जास्त खेळाडू विभागीय क्रीडा संघटनेने अपात्र ठरवले होते. बदलीच्या कागदपत्रांत खरी माहिती दिली नाही, हा मुख्य ठपका. प्रशिक्षकाला जावं लागलं, आणि ज्यांचा यात काही संबंध नव्हता अशा मुलांचाही हंगाम बुडाला.

अशी बातमी आली की गावोगावी एकच वाक्य ऐकू येतं: "या कॅथलिक शाळा खेळाडू गोळा करतात, मग जिंकणारच!" शाळा म्हणतात, आम्ही कोणाला बोलावत नाही, मुलं आपणहून येतात. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. ते कसं, हे समजायला आधी तिथली शाळेची व्यवस्था समजली पाहिजे.

## शाळा कोणती, हे घरचा पत्ता ठरवतो

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. सरकारी शाळेला फी नाही, पण हद्द आहे. तुम्ही ज्या पत्त्यावर राहता त्या पत्त्याची शाळा ठरलेली असते. तिथल्या प्रशिक्षकाने हद्दीत जी मुलं असतील त्यांच्यातूनच संघ उभा करायचा. यंदा साडेसहा फुटी मुलाचं कुटुंब त्या हद्दीत राहायला आलं तर नशीब, नाही आलं तर नाही.

कॅथलिक शाळेला अशी हद्द नसते. तीस मैलांवरून मुलगा आला तरी चालतो. फी मात्र भरावी लागते, वर्षाला साधारण दहा ते वीस हजार डॉलर आणि काही ठिकाणी त्याहून जास्त. बहुतेक राज्यांत या दोन्ही प्रकारच्या शाळा एकाच राज्य क्रीडा संघटनेच्या सभासद असतात आणि एकाच करंडकासाठी लढतात. भांडणाचं मूळ इथे आहे.

आता ज्याच्यावरून एवढं रामायण घडतं तो शब्द. रिक्रूटिंग म्हणजे मुलाचा खेळ बघून, त्याने आपल्या शाळेत यावं म्हणून त्याला किंवा आईवडिलांना गाठणं, गळ घालणं, काही देऊ करणं. कॉलेजांना हे करायची मोकळीक आहे आणि ती उघडपणे करतात. हायस्कूलला मात्र जवळजवळ सगळ्या राज्य संघटनांची बंदी आहे. कारण साधं आहे: समोर तेरा-चौदा वर्षांचं पोर असतं.

## शारदाश्रमचं उदाहरण घ्या

आपल्याला हा नियम विचित्र वाटतो, कारण आपण उलट गोष्टीचं कौतुक करत आलो आहोत. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. रमाकांत आचरेकर सरांनी सांगितलं, क्रिकेट करायचं तर शाळा बदला. सचिन दादरच्या शारदाश्रममध्ये आला. जाण्यायेण्यात दमछाक होऊ लागली तेव्हा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये आझाद मैदानावर त्याने आणि विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. त्या दिवशी कोणी विचारलं नाही की हा मुलगा या शाळेत आला कसा.

अमेरिकेत पहिला प्रश्न तोच विचारला असता. शाळा बदलायला कोणी सांगितलं? प्रशिक्षकाने. तो प्रशिक्षक नव्या शाळेचाच? हो. मग झालं, हे रिक्रूटिंग. मुलगा राहतो कुठे? नातेवाइकांकडे, आईवडील जुन्याच घरी. बहुतेक राज्यांत ही पत्ताबदली खरी धरत नाहीत. सबंध कुटुंब हलावं लागतं. असा मुलगा काही काळ किंवा पूर्ण वर्ष बाहेर बसला असता.

यात एक पळवाट आहे, आणि ती कायदेशीर आहे. नववीत पहिल्यांदा प्रवेश घेताना मुलाला कुठलीही शाळा निवडता येते आणि लगेच खेळताही येतं. कडक चौकशी होते ती नंतरच्या बदल्यांची. त्यामुळे खरी ओढाताण मुलगा आठवीत असतानाच चालते.

## एका पत्रावरून दहा वर्षं

हा नियम किती बारीक लागू होतो त्याचा नमुना टेनेसीत सापडतो. शाळा होती ब्रेंटवुड अकॅडमी. ही कॅथलिक नव्हे, खासगी ख्रिस्ती शाळा. पण तिच्या खटल्याने देशभरच्या खासगी शाळांसाठी रेघ आखून दिली. १९९७ मध्ये तिथल्या फुटबॉल प्रशिक्षकाने आठवीतल्या काही मुलांना पत्र पाठवलं. त्या मुलांचा ब्रेंटवुडमधला प्रवेश आधीच झाला होता. वसंतातल्या सरावाला या, साहित्य मिळेल, जितक्या लवकर याल तितका तुमचा फायदा, असा मजकूर. खाली सही, तुमचा प्रशिक्षक.

एवढ्यावर राज्य संघटनेने तीन हजार डॉलर दंड ठोठावला, शाळेच्या क्रीडा विभागाला चार वर्षं देखरेखीखाली ठेवलं आणि फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉल संघांना दोन वर्षं बाद फेरीतून वगळलं. शाळा कोर्टात गेली. आम्ही कोणाला काय लिहावं यावर बंदी घालणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला, असा तिचा दावा. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००१ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं की ही संघटना नावाला खासगी असली तरी सरकारी यंत्रणेसारखीच वागते, म्हणून राज्यघटनेची बंधनं तिला लागू होतात. २००७ मध्ये मात्र निकाल शाळेविरुद्ध गेला, तोही एकमताने. जाहिरात करा, माहितीपत्रकं वाटा, आमची शाळा किती चांगली ते सांगा, याला कोणाची ना नाही. पण एका मुलाला हेरून खेळासाठी गळ घालणं वेगळं. आणि तुम्ही संघटनेचे सभासद आपखुशीने झालात, तेव्हा तिचे नियम पाळा.

यातून हाती लागणारी रेघ अशी: सगळ्यांना उद्देशून सांगितलं तर ती जाहिरात, एकाला त्याच्या खेळासाठी गाठलं तर तो गुन्हा. कागदावर ही रेघ स्वच्छ दिसते. मैदानावर ती पुसट होते.

## बोलावणं न धाडता मुलं कशी येतात?

पहिला रस्ता जुना आणि सरळ आहे. कॅथलिक चर्चच्या प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक चर्चच्या कक्षेतल्या वस्तीला जोडून अनेकदा प्राथमिक शाळा असते. या शाळांतली आणि पॅरिशमधली मुलं कॅथलिक यूथ ऑर्गनायझेशनच्या स्पर्धांत खेळतात. ही संस्था १९३० मध्ये शिकागोत बिशप बर्नार्ड शील यांनी सुरू केली. पहिलीपासून एकत्र खेळलेली पोरं आठवीनंतर एकाच कॅथलिक हायस्कूलला जातात. बापही तिथेच शिकलेला, काकाही. सिनसिनाटीत किंवा फिलाडेल्फियात हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. याला पळवणं म्हणणं अन्यायाचं होईल.

दुसरा रस्ता नावलौकिकाचा. कॅलिफोर्नियातल्या सँटा आना इथलं मेटर दे आणि बेलफ्लॉवरचं सेंट जॉन बॉस्को ही दोन कॅथलिक हायस्कूलं २०१७ पासून बऱ्याच वर्षी फुटबॉलमध्ये देशात पहिल्या क्रमांकावर राहिली आहेत. त्यांचे सामने टीव्हीवर दिसतात, कॉलेजांचे प्रशिक्षक तिथे हजर असतात. ज्या बापाला मुलासाठी कॉलेजची शिष्यवृत्ती हवी आहे त्याला वेगळ्या आमंत्रणाची गरज नसते. आता तर बहुतेक राज्यांत हायस्कूलच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळवायलाही परवानगी आहे. त्यामुळे जिथे कॅमेरे, तिथे जायची ओढ आणखी वाढली.

तिसरा रस्ता माणसांच्या ओळखीतून जातो आणि सगळा गोंधळ तिथे आहे. ओहायोतल्या ॲक्रन शहरातली गोष्ट बघा. चार मुलं लहानपणापासून एका संघात बास्केटबॉल खेळत होती. त्यांनी आपल्या भागातल्या बुकटेल या सरकारी हायस्कूलला जायचं, असं सगळं गाव धरून चाललं होतं. त्यांचा प्रशिक्षक ड्रू जॉइस तिथे सहायक म्हणून कामही करत होता. पण त्याचा स्वतःचा मुलगा, चौघांतला सगळ्यात बुटका, रविवारी रात्री शहरातल्या ज्यू कम्युनिटी सेंटरमध्ये कीथ डॅम्ब्रॉट या प्रशिक्षकाच्या सराव-वर्गाला जायचा. डॅम्ब्रॉट सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी या कॅथलिक हायस्कूलचा प्रशिक्षक झाला. बुटक्या मुलाला वाटलं, बुकटेलमध्ये आपल्याला मुख्य संघात कोणी घेणार नाही, इथे घेतील. तो तिकडे वळला आणि मित्रांनी ठरवलं, जायचं तर सगळ्यांनी. १९९९ मध्ये चौघंही सेंट व्हिन्सेंटला दाखल झाले. त्यांच्यातला एक लेब्रॉन जेम्स. पुढच्या चार वर्षांत शाळेने तीन राज्य विजेतेपदं जिंकली.

ॲक्रनमधल्या काळ्या समाजातल्या अनेकांना हे फार लागलं. आपली पोरं गोऱ्यांच्या शाळेने नेली, असं ते म्हणत. पण नियमाच्या भाषेत इथे कोणी काय केलं? एक प्रशिक्षक सर्वांसाठी वर्ग घेत होता. एका मुलाचा त्याच्यावर विश्वास बसला. बाकीचे मैत्रीखातर गेले. पत्र नाही, फोन नाही, पैसा नाही. अशा वेळी नियम हात टेकतो, कारण तो प्रशिक्षकाचं वागणं तपासू शकतो, मुलाच्या मनातला हेतू तपासू शकत नाही.

मात्र हाच रस्ता वापरून लबाडीही होते. क्लब संघाचा प्रशिक्षक, माजी विद्यार्थी, एखाद्या खेळाडूचा बाप, कोणीतरी तिऱ्हाईत मुलाच्या कानावर घालतो, "तिकडे ये, तुझं सोनं होईल." शाळेने निरोप दिला होता की तो माणूस आपणहून बोलला, हे सिद्ध करणं महाकठीण. तेव्हा कॅथलिक शाळा रिक्रूट करतात का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं: काही नक्की करतात आणि मधे माणूस घालून करतात, बहुसंख्य शाळांना तशी गरजही पडत नाही आणि ऐपतही नसते. जिंकणाऱ्या दहा-वीस शाळांकडे बघून शेकडो शाळांना चोर ठरवू नये.

## फी कोण भरतं?

खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायला हायस्कूलला सहसा मनाई असते. आर्थिक मदत द्यायची ती कुटुंबाची गरज बघून, आणि गरज ठरवायची ती बाहेरच्या संस्थेने अर्ज तपासून, अशी पद्धत. टेनेसीने तर १९९७ मध्ये खेळाडूंना अशी मदत देणाऱ्या खासगी शाळांचा गटच वेगळा केला.

पण नियम कितीही नेटका असला तरी एखादा देणगीदार पुढे येतो आणि एका मुलाचं भलं होतं, दुसऱ्याचं होत नाही. १९९४ साली गाजलेल्या एका माहितीपटात शिकागोच्या गरीब वस्तीतल्या दोन मुलांची कहाणी आहे, विल्यम गेट्स आणि आर्थर एजी. दोघांनाही शहराबाहेरच्या सेंट जोसेफ या कॅथलिक हायस्कूलने बास्केटबॉलसाठी घेतलं. दोघंही रोज लांबचा प्रवास करून जायचे. दोघांना फीत काही सवलत होती. गेट्स पहिल्याच वर्षी मुख्य संघात चमकला. त्याची उरलेली फी भरायला एक दाता मिळाला. एजीचा खेळ अपेक्षेइतका फुलला नाही. फी वाढली, घरच्यांच्या नोकऱ्या गेल्या, थकबाकी साठली, आणि दहावीच्या वर्षातच त्याला शाळा सोडावी लागली. थकलेल्या फीपायी शाळेने त्याचे गुणपत्रकही अडकवून ठेवले. सरकारी शाळेत पुढे सरकायला त्याला ते हवे होते.

आर्थर एजी नंतर मार्शल या सरकारी शाळेकडून खेळला आणि तो संघ १९९१ मध्ये राज्यात तिसरा आला. तरी त्याची ती अर्धवट सुटलेली शाळा मला सगळ्यात जास्त बोचते. करंडक कोणाकडे गेला यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात. बोलावून आणलेल्या मुलाचा खेळ मंदावला तर त्याच्या शिक्षणाचं काय, हे फारसं कोणी विचारत नाही.

## आणि लपवाछपवी न करताच केलं तर?

बाल्टिमोरमधली सेंट फ्रान्सिस अकॅडमी १८२८ मध्ये मदर मेरी लँग यांनी स्थापन केली. काळ्या मुलांसाठी सुरू झालेली आणि अखंड चालू राहिलेली ही देशातली सर्वांत जुनी कॅथलिक शाळा, शहराच्या तुरुंगाला लागून. गुंतवणूक व्यवसायातून श्रीमंत झालेला बिफ पोगी हा प्रशिक्षक तिथे आला आणि त्याने खेळाडूंच्या फीसाठी, राहण्याजेवण्यासाठी स्वतःचे पैसे ओतले. संघ इतका बलाढ्य झाला की २०१८ मध्ये त्यांच्याच लीगमधल्या शाळांनी खेळायला नकार दिला. आमच्या मुलांना इजा होईल, असं कारण दिलं. त्या शाळाही खासगीच होत्या आणि बऱ्याचशा सधन. सेंट फ्रान्सिस मग देशभर फिरून तगडे प्रतिस्पर्धी शोधत खेळू लागली.

हे रिक्रूटिंग नाही असं म्हणणं कठीण आहे. पण त्यातल्या कित्येक मुलांना हिंसाचाराने पोखरलेल्या वस्तीतून बाहेर पडायची, कॉलेजला जायची वाट मिळाली, हेही तितकंच खरं. नियमपुस्तिकेत या दुसऱ्या गोष्टीसाठी रकाना नाही.

## "सरकारी शाळा काय धुतल्या तांदळासारख्या आहेत?"

कॅथलिक शाळांचे समर्थक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. कॅलिफोर्नियातल्या कॉन्कर्ड इथलं दे ला साल हे कॅथलिक हायस्कूल १९९२ पासून फुटबॉलचे सलग १५१ सामने जिंकलं. प्रशिक्षक बॉब लाडुसर यांच्यावर आणि शाळेवर खेळाडू ओढल्याचे आरोप वर्षानुवर्षं होत राहिले. २००४ मध्ये ती मालिका वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू या सरकारी शाळेने तोडली. हद्दीतल्या पोरांनी गोळा केलेल्यांना हरवलं, म्हणून लोक खूश झाले. २०१६ मध्ये याच बेलव्ह्यूची चौकशी झाली. खेळाडूंचे खोटे पत्ते निघाले, समर्थकांच्या मंडळाकडून प्रशिक्षकांना पैसे गेल्याचं निघालं, आणि शाळेला शिक्षा झाली. २०२५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात कागदपत्रांवरून जे खेळाडू बाद झाले त्यांच्यात सरकारी शाळांचेही होते.

शिवाय हद्दीची कल्पनाच आता ढिली पडत चालली आहे. फ्लोरिडाने २०१६ मध्ये कायदा केला: जागा असेल तर राज्यातल्या कुठल्याही सरकारी शाळेत जा आणि लगेच खेळा. मुद्दा धर्माचा नसून हद्दीचा आहे. ज्या शाळेची हद्द सुटली, ती खेळाडू गोळा करू लागते.

## तराजू सरळ करायचे प्रयत्न

हेतू पकडता येत नाही म्हटल्यावर काही राज्यांनी गणिताचा आधार घेतला. शाळा पटसंख्येनुसार गटांत विभागलेल्या असतात. इलिनॉयने २००५ मध्ये ठरवलं की ज्या शाळेला हद्द नाही तिची पटसंख्या १.६५ ने गुणायची. म्हणजे ६०० मुलांची शाळा ९९० मुलांची धरून मोठ्या गटात टाकायची. पुढे न जिंकणाऱ्या शाळांना यातून सूटही दिली, कारण एरवी कधी न जिंकणाऱ्या कॅथलिक शाळेलाही हा गुणाकार झोडपत होता.

ओहायोत शाळांनी असे प्रस्ताव तीन वर्षं ओळीने फेटाळले. चौथ्यांदा, २०१४ मध्ये, एक मान्य झाला. तिथे शाळेऐवजी संघ मोजतात: संघातली किती मुलं बाहेरून आली त्यानुसार पट वाढतो. हा नियम सरकारी शाळांनाही लागू आहे, म्हणून मला तो जास्त न्याय्य वाटतो. न्यू जर्सीत २०१६ मध्ये फुटबॉल आणि कुस्तीपुरतं सरकारी-खासगी पूर्ण वेगळं करायचं ठरलं, पण राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी ते अडवलं. टेक्सासात खासगी शाळा जवळजवळ सगळ्या वेगळ्याच संघटनेत खेळतात. अपवाद डॅलस आणि ह्यूस्टनमधल्या दोन जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघाच्या, शाळांचा.

## "व्हायोलिन वाजवणारा चालतो, मग क्वार्टरबॅक का नको?"

क्वार्टरबॅक म्हणजे फुटबॉल संघाचा डाव चालवणारा मुख्य खेळाडू. हा आक्षेप मला सहज झटकता येत नाही. गणितात हुशार मुलीला खासगी शाळेने बोलावलं तर सगळे टाळ्या वाजवतात. आणि शाळांची निकडही खोटी नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांत ५२ लाखांच्या आसपास मुलं होती, आज १७ लाखांच्या घरात आहेत. जिंकणारा संघ म्हणजे त्यांच्यासाठी फुकटची जाहिरात. अर्थात जाहिरात दर वेळी तारत नाही. जर्सी सिटीतल्या सेंट अँथनी या छोट्या कॅथलिक शाळेकडे स्वतःचं जिमही नव्हतं, तरी बॉब हर्ली यांनी तिला बास्केटबॉलची पंचविसांहून जास्त राज्य विजेतेपदं मिळवून दिली. २०१७ मध्ये पैशांअभावी ती शाळा बंद पडली.

फरक एवढाच की व्हायोलिनवाल्या मुलाचं बोट दुखावलं म्हणून त्याच्या फीची सवलत जात नाही. खेळाडूचा गुडघा गेला की सगळ्यांचा सूर बदलू शकतो. म्हणून बंदी उठवावी असं मला वाटत नाही. ती मुलाच्या बाजूने राबवावी असं वाटतं. आज खोट्या कागदासाठी शिक्षा बहुतेक वेळा खेळाडूला होते, बाहेर बसतो तो. ज्या मोठ्या माणसाने कागद भरला तो दुसऱ्या शाळेत नोकरी शोधतो.

## मुलगा आठवीत असेल तर

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि टेनिस, पोहणं, सॉकर खेळणाऱ्या मुलामुलींपुढे हा पेच येतो. शाळेच्या खुल्या दिवशी जा, प्रशिक्षकाशी तिथे बोला, त्यात काही गैर नाही. मात्र कोणी घरी फोन करून संघातल्या जागेचं किंवा फीमाफीचं आश्वासन देत असेल तर पुढची बोलणी शाळेच्या प्रवेश कार्यालयाशीच करा. मदतीचं पत्र हाती आल्यावर तपासून घ्या की ती चारही वर्षांसाठी आहे की दर वर्षी नव्याने ठरणार, आणि मुलाने खेळ सोडला तर तिचं काय होणार. उत्तर लेखी घ्या. पुढे परत हद्दीतल्या सरकारी शाळेत यावं लागलं तर किती सामने किंवा महिने बाहेर बसावं लागेल, हे राज्य संघटनेच्या बदलीच्या नियमांत दिलेलं असतं. ते प्रवेशाची अनामत भरायच्या आधी वाचा.